नटावरची रेघ

गतिरोधकावरून सायकल उतरली तशी मागून घर्रकन आवाज झाला आणि त्याच्या मागोमाग नात खिदळली. हसू ऐकू यायच्या आधीच मिस्त्रीच्या हातांनी दोन्ही ब्रेक आवळले होते. सायकल थांबली, त्याचा एक पाय रस्त्याला टेकला, आणि मागून येणारा दुधाचा टेम्पो कर्णा वाजवत, शिवी द्यायची तेवढी बाकी ठेवून, अंगाला घासून निघून गेला. त्यानं वळून पाहिलं. नात सीटमध्येच होती. पट्टा लावलेला, पिवळं हेल्मेट कानावर कलंडलेलं. फक्त रोजच्यापेक्षा चार बोटं खाली होती, आणि सीटचा तळ मागच्या चाकावर टेकला होता. “आजोबा, परत! परत धप्प कर!” ती म्हणाली. पुढे लगेच उतार लागत होता. रोज त्या उतारावर ती दोन्ही हात वर करायची आणि तो ब्रेक सैल सोडायचा. लेकीला हे ठाऊक नव्हतं, आजोबा-नातीचं ते आपसातलं होतं. आज उतारावर हे झालं असतं तर. पुढचं त्यानं मनात येऊ दिलं नाही, तरी ते आलंच. त्यानं नातीला उचलून फुटपाथवर उभं केलं, सायकल भिंतीला टेकवली आणि गुडघ्यांची कुरकुर कानाआड करून खाली बसला.

सीट ज्या लोखंडी पकडीवर बसते ती पकड सायकलच्या उभ्या नळीला नटांनी आवळलेली असते. ती घसरून खाली आली होती. नळीवर तिच्या जुन्या जागी धुळीची कड होती आणि तिथून खाली ताजा, चकचकीत ओरखडा. म्हणजे नट ढिले होते, त्यात शंका नको. पण नटांवरच्या लाल रेघा सरळ होत्या. एकही मोडलेली नाही. मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. हे होऊ शकत नव्हतं. सगळी उमर त्यानं लिफ्ट दुरुस्तीत काढली होती. लिफ्टच्या विहिरीत, पेटीच्या टपावर उभं राहून, बॅटरीच्या उजेडात रुळांचे नट बघत वर वर जायचं. एकेका नटाला पाना लावत बसलं तर माणूस तिथंच म्हातारा होईल. म्हणून नट आवळला की त्याच्यावरून आणि त्याच्या खालच्या पट्टीवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढायची. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते. अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर, बोलणं टाकलेल्या जावांसारखी, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. मग फक्त रेघ बघायची. रेघ सरळ तर नट घट्ट, आणि खाली पेटीतली माणसं सुखरूप. कामावर नवीन आलेल्या पोरांना तो सांगायचा, माणसाच्या तोंडाकडे बघू नका रे, रेघेकडे बघा. ही सीट घरी आली तेव्हा त्यानं सवयीनं तेच केलं होतं. रंग नव्हता, तर लेकीकडून नेलपॉलिशची तळाला आलेली बाटली मागून घेतली. “बाबा, सायकलला नेलपॉलिश?” लेक म्हणाली होती, आणि दूरच्या गावी नोकरीला असलेला जावई तेव्हा नेमका घरी होता, तो म्हणाला, “लावू देत ग, नटांना नट्टापट्टा हवाच की.” सगळे हसले, तोही हसला. रेघ कशासाठी ते सांगायचं त्या हसण्यात राहून गेलं, आणि मग राहूनच गेलं. सुरुवातीला तो रेघही बघायचा आणि सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचाही. सीटबरोबर सगळी सायकल हलली तर ठीक. सीट एकटीच हलली तर घोटाळा. पुढे थंडीत कंबर धरली, वाकून हलवणं जमेना, तेव्हा हलवणं सुटलं आणि नुसती रेघ उरली. रेघेवर त्याचा भरवसा होता, स्वतःपेक्षा जास्त.

त्यानं एका नटावर नख लावलं. रेघेचा पापुद्रा सुटला. जाड होती रेघ, लकाकणारी, त्यानं पहिल्यांदा ओढली होती तिच्यापेक्षा ताजी. दोन-तीन दिवस ती अशी लकाकताना दिसत होती खरी. सकाळच्या दवामुळे असेल असं वाटलं होतं, किंवा काहीच वाटलं नव्हतं. पापुद्र्याखाली जुनी रेघ होती. आणि ती तुटलेली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे, मध्ये जवभर अंतर. त्यानं दुसरा नट खरवडला, तिसरा खरवडला. सगळीकडे तेच. नट ढिले झाले होते, जुन्या रेघांनी आपलं काम चोख केलं होतं, ओरडून सांगितलं होतं. आणि कुणीतरी त्या ओरडण्याच्या तोंडावरून शांतपणे नवी सरळ रेघ फिरवली होती. कुणीतरी म्हणजे कोण? बाटली त्याच्या हत्यारांच्या डब्यात होती. त्या डब्याला घरात दुसरं कुणी हात लावत नव्हतं. रेघेचा अर्थ घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हता. रस्त्यावर वर्दळ वाढत होती, नात फुटपाथच्या फरश्यांवर लंगडी घालत होती, आणि मिस्त्री नखात अडकलेल्या लाल कपच्यांकडे बघत होता. मीच. मीच ओढली, न आवळता ओढली, आणि मला आठवत नाही. उन्हात बसलेला असून त्याला पायांकडून गारठा चढत आल्यासारखं झालं.

“आजोबा, रक्त आलं?” नातीनं विचारलं.

“नाही ग बटणा. रंग आहे.” तिला तो बटण म्हणायचा, कारण लिफ्टमध्ये शिरली की तिला सगळी बटणं दाबायची असत आणि सगळ्या मजल्यांवर दारं उघडून बंद होत. शेजारी वैतागायचे. तो मनातून खूश व्हायचा.

“मग चल ना. उतार राहिलाय.”

“आज चालत जाऊ.”

“का?”

“सायकल दमली.”

तिनं सायकलकडे संशयानं पाहिलं. आजवर कधी न दमलेली सायकल आजच कशी दमली हे तिला पटलं नव्हतं, पण तिनं ते चालवून घेतलं आणि सीटच्या पाठीवर दोनदा थोपटलं. उतार तिनं पाय ओढत, गाल फुगवून उतरला. तो एका हातानं सायकल ढकलत होता, एका हातात तिचं मनगट होतं, आणि उताराचा एकेक खड्डा आज त्याला ठळक दिसत होता. सायकलवरून ते दिसत नव्हते, नुसते धक्के बसत. डाव्या हाताला दगडी कठडा, त्यापलीकडे खोल गटार. इथं ती हात वर करते. इथं तो ब्रेक सोडतो. शाळेच्या फाटकावर बाई उभ्या होत्या. “आज पायी स्वारी?” त्या म्हणाल्या. “सायकल दमली,” नातीनं सांगितलं आणि आजोबांकडे न बघता आत पळाली. रुसली होती. ती वळून हात हलवेल म्हणून तो फाटकाशी उभा राहिला, बाईंनी फाटक लावून घेतलं तरी उभा राहिला.

घरी जायचं सोडून तो वाटेतल्या बागेत बाकावर बसला. हे काही आज एकदम आकाशातून पडलेलं नव्हतं, असं आता त्याला वाटायला लागलं. गेल्या महिन्यात गॅसवर चहाचं भांडं करपलं होतं. लेक हसून म्हणाली होती, बाबा, चहा दुधाचा केलात की काळा? रस्त्यात भेटलेल्या जुन्या साहेबांचं आडनाव ऐन वेळी आठवलं नव्हतं. किल्ली तर रोजच हरवते, पण किल्ली सगळ्यांचीच हरवते. त्या वेळी ज्या गोष्टी क्षुल्लक होत्या त्या आता एकेक करून पुढे येत होत्या आणि ओळीत उभ्या राहत होत्या. आणि त्यांच्या टोकाला त्याचा कामावरचा जोडीदार उभा होता. लिफ्टचं काम एकट्यानं होत नाही. एक टपावर, एक वर मोटारीच्या खोलीत. हा टपावर, जोडीदार वर. वरून त्यानं हाक दिली की हा पाय सरकवायचा, इतका विश्वास. रविवारी मिस्त्री सबंध दिवस त्या जोडीदाराकडे जाऊन आला होता. जोडीदार खिडकीशी खुर्चीत बसलेला, अंगात स्वच्छ शर्ट, बटणं सुनेनं लावलेली. मिस्त्रीला पाहून त्याचा चेहरा उजळला. “कितव्या मजल्यावर अडकलीय?” त्यानं विचारलं. “सुटली, सगळे बाहेर आले,” तो म्हणाला. “हां, मग बरं झालं,” जोडीदार म्हणाला, आणि थोड्या वेळानं परत तेच विचारलं, तितक्याच काळजीनं. दिवसभर तो अडकलेल्या माणसांची काळजी करत राहिला आणि मिस्त्री दिवसभर त्यांना सोडवत राहिला. निघताना सून दारापर्यंत आली. “पहिल्यांदा आमच्या लक्षातच आलं नाही हो काका,” ती म्हणाली. “ते काम व्यवस्थित करायचे. फक्त केलेलं काम परत करायचे, नाहीतर न केलेलं केलं म्हणायचे.” तेव्हा त्या वाक्यानं वाईट वाटलं होतं ते जोडीदारासाठी. आता बाकावर बसून त्यानं ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं आणि ते त्याच्यावर बेतून शिवल्यासारखं बसलं. न केलेलं केलं म्हणायचे. रेघ म्हणजे दुसरं काय? रेघ म्हणजे केलं म्हणणंच.

घरी येऊन त्यानं डबा उघडला. पाने, पक्कड, पेचकस, आणि कोपऱ्यात बाटली. बाटलीत रंग होता, थोडा, तळाला. आधी किती होता ते आठवेना. तो स्वयंपाकघराच्या खिडकीखाली स्टूल घेऊन बसला आणि आठवायच्या मागे लागला. कधी ओढली असेल रेघ? सोमवारी सकाळी? नात बूट घालत होती तेव्हा? जिन्याखाली अंधार असतो, तिथं आपण खाली बसलो, टोपण फिरवलं, ते चिकटलेलं असणार, दातांनी धरून फिरवलं. वास आला, नाकात चढणारा. कुंचला बारीक, हात थोडा कापतोय, म्हणून मनगट गुडघ्यावर टेकवलं. पहिली रेघ, मग दुसरी. वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरलं, “काय मिस्त्री, रंगकाम काढलंत वाटतं?” असं म्हणालं. आणि हे सगळं त्याला आठवलं. आठवलं म्हणजे दिसलं. दातांना टोपणाची करकर जाणवली, वास आला. अरे, केलं होतं की आपण हे! क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं, हरवलेली वस्तू हाताला लागते तसं, आणि दुसऱ्याच क्षणी ते वाटणं विरलं. कारण त्या आठवणीत कुठेही पाना नव्हता. आवळायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तो स्टुलावर बसून रडला. बायको गेली त्यानंतर तो असा आवाज करून रडला नव्हता.

सांगायला तर हवं होतं. एकदा वाटलं, नको सांगायला. नट आवळून टाकू, उद्यापासून रोज हलवून बघू, नाही म्हटलं तरी अजून हातात जोर आहे. नातीला पुढल्या वर्षी ही सीट लहानच पडेल, तोवर कसंही निभेल. पण हलवून बघितलं की नाही, हे उद्या कोण सांगणार? आज हलवलं की काल हलवलं ते आजचं म्हणून आठवलं? रोज एकाच वेळी, एकाच जिन्याखाली, त्याच हातांनी केलेली गोष्ट, ती आजची कुठली आणि कालची कुठली. ज्या माणसाचं मन खोटी रेघ ओढतं त्यानं दुसऱ्याचं पोर पाठीशी घेऊन उतारावर जाऊ नये. दुसऱ्याचं म्हणजे लेकीचंच, पण तरी. आणि सकाळची ती फेरी सोडली तर त्याच्या दिवसात होतं काय? ती फेरी होती म्हणून तो पहाटे उठायचा, दाढी करायचा, चाकात हवा बघायचा. पाठीमागून येणारी अखंड बडबड, मधूनच त्याच्या शर्टाला मागून पुसलेलं नाक. शाळेपर्यंत पोचवलं की तो दिवसाचा निम्मा पगार कमावल्यासारखा परत यायचा. दुपारी तो नातीला आणायला पायीच गेला. सकाळचा रुसवा ती विसरून गेली होती. तिनं त्याला वाटेत एका मुंगळ्याची अख्खी कथा सांगितली.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. दिवसभर समोरच्याला म्हणायचं, खालची ओळ वाचा, आता वाचा, हे बरं की ते बरं. घरी आली की तिला स्वतःचेच डोळे मिटून घ्यावेसे वाटत. त्या संध्याकाळी तिनं चपला काढल्या, नातीला जवळ घेतलं, आणि मिस्त्री म्हणाला, “तुझ्याशी बोलायचंय. बस जरा.”

ती बसली. बाबांनी असं म्हणायची वेळ क्वचित यायची. त्यानं सांगितलं, सरळ सांगितलं, आडवळणानं नाही. सीट ढिली होती. सकाळी ती घसरली. बटणाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. “मी नट बघितले नव्हते. बघितले असं मला वाटलं होतं. मला… हल्ली माझं काही खरं नाही ग. उद्यापासून मी तिला सायकलवर नेणार नाही.”

लेकीनं नातीचं डोकं चाचपलं, मान, खांदे, पाठ, जसं काही ती आत्ताच पडली होती. नात गुदगुल्या होऊन हसायला लागली. “धप्प झालं होतं आई! मज्जा आली.”

“जा, हात धुऊन ये,” लेक म्हणाली. ती गेल्यावर लेकीनं बाबांकडे पाहिलं. “लागलं तर नाही ना कुठं? खरं सांगा.”

“नाही. शपथ.”

“तुम्हाला?”

हे त्याला अपेक्षित नव्हतं. “मला काय होतंय,” तो म्हणाला. लेक उठून त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी बसायची तशी. “होतं असं बाबा. कुणाचंही होतं. आपण डॉक्टरांना दाखवू हं, नुसतं दाखवू.” तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात म्हाताऱ्या माणसांना वरची ओळही वाचता येत नाही तेव्हा ती बहुधा याच आवाजात बोलत असेल. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सीट काढायला दोघं जिन्याखाली गेले. नात वर शेजारणीकडे होती. त्यानं पान्यानं नट फिरवले. बोटानंसुद्धा फिरले असते. लेकीनं सीट दोन्ही हातांनी धरली होती. पहिला नट निघाला तसा तिनं तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. “अरेरे, खरवडलं गेलं सगळं,” ती म्हणाली. “मी एवढी हौसेनं काढली होती.”

“काय काढली होतीस?”

“ही रेघ हो. रविवारी तुम्ही तुमच्या मित्राकडे गेला होतात ना, तेव्हा मी सायकल धुवून काढली. सरप्राइज द्यायचं म्हणून. तर तुमच्या त्या लाल रेघा पार वेड्यावाकड्या झालेल्या. म्हटलं, बाबांना किती कौतुक आहे त्यांचं, सीट चोरीला गेली तर ओळखू यावी म्हणून काढल्यात ना? माझ्याकडे तोच रंग होता. एकदम सरळ काढल्या, हात टेकवून. आणि तुमच्या लक्षातही आलं नाही!” ती थोडं हसली. हसायची संधी मिळाली म्हणून हसली. संध्याकाळच्या ताणानंतर तेवढाच विसावा.

मिस्त्रीच्या हातातला पाना नटावरच राहिला. जिन्याखालचा दिवा पिवळा होता आणि त्यात लेकीचा चेहरा दमलेला, भोळा, थोडासा लाडात आलेला दिसत होता. म्हणजे मी नाही. त्याच्या छातीवरचं काहीतरी एकदम उतरलं. मी नाही ओढली. माझं डोकं ठिकाणावर आहे. ओठांवर आलंच होतं: अग, वेडी, ती रेघ म्हणजे. आणि तिथं त्याची जीभ थांबली. कारण पुढचं वाक्य पुरं केलं की लेकीला कळणार होतं. सीट ढिली झाल्याचं सायकल सांगत होती आणि ते सांगणं आपण आपल्या हातानं, हौसेनं, पुसून टाकलं, हे तिला कळणार होतं. तो तिला ओळखत होता. तिची आई गेली त्या दुपारी दुकानात फोन वाजत होता आणि ही कुणाच्या तरी चष्म्याचा नंबर काढत होती. तेव्हापासून आजतागायत फोन वाजला की ती पोळी तव्यावर टाकून धावते. त्या एका न उचललेल्या फोननं तिची झोप कायमची पातळ झाली आहे. आणि यात तर तिचं पोर होतं. तिला वाटलं असतं, मी मारलं असतं. तो कितीही म्हणाला असता की चूक माझी, मी सांगितलं नव्हतं, मी हलवून बघणं सोडलं होतं, तरी तिनं ऐकलं नसतं. रोज रात्री ती मनातल्या मनात जिन्याखाली उतरून तो उतार उतरली असती. चूक त्याचीही होतीच, नाही कशी? ज्या घरात रेघ ओढली त्या घराला रेघ वाचायला शिकवली नाही. कामावरच्या परक्या पोरांना शिकवली. आणि ती सकाळची आठवण? टोपणाची करकर, नाकात चढलेला वास, जिन्यावरून कुणीतरी म्हटलेलं? ते तर घडलंच नव्हतं. मग ते इतकं स्वच्छ आठवलं कुठून? सुटका झाली म्हणावं तर त्या सुटकेलाही भोक होतं.

“काय झालं बाबा?” लेक म्हणाली. “चुकीच्या काढल्या का मी?”

“नाही ग,” तो म्हणाला. “छान काढल्या होत्यास. हात सरळ आहे तुझा.”

त्यानं उरलेले नट काढले. सीट लेकीनं माळ्यावर टाकली. नातीला पायी न्यायला वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी ठरली, ती त्याच रस्त्यानं जायची. पहिल्या दिवशी नात दाराशी थांबून म्हणाली, “आजोबा नाही येत?” आणि लेक म्हणाली, “आजोबांना आराम करू दे.” मिस्त्री दाढी करून, शर्ट घालून बसला होता. तो खिडकीतून दोघींना कोपऱ्यापर्यंत बघत राहिला. नात त्या मुलीशी बोलत नव्हती, मग कोपऱ्याच्या थोडं आधी बोलायला लागली. त्याचं त्याला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि वाईट जास्त वाटलं.

मग घर हळूहळू त्याच्याभोवती बदलत गेलं. लेक कामाला निघताना सिलिंडरचा कॉक बंद करून जाऊ लागली. चहा थर्मासमध्ये भरून ठेवायची. दुपारी दुकानातून फोन यायचा, “जेवलात ना? काय जेवलात?” काय जेवलात हा प्रश्न कशासाठी असतो हे त्याला कळायचं आणि तो नीट, भाजीसकट सांगायचा. जावई सुट्टीला आला तेव्हा मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागला, जसं परदेशी माणसाशी बोलावं. नट्टापट्ट्याची थट्टा त्यानं पुन्हा केली नाही. आजारी माणसाची थट्टा कोण करतं? कधीकधी एकटा असताना मिस्त्री स्वयंपाकघरात उभा राहून तोंडानं म्हणायचा, माझं डोकं ठिकाणावर आहे. आणि हे कुणीतरी ऐकावं असं त्याला फार वाटायचं. एकदा तर संध्याकाळी लेक भाजी निवडत बसलेली असताना त्यानं सुरुवातही केली. “ती सीट होती ना,” तो म्हणाला. लेकीनं पटकन मान वर केली, हातातली शेंग खाली ठेवली. “सोडा ना बाबा ते. देवाच्या दयेनं काही झालं नाही. मला आठवलं तरी अंगावर काटा येतो.” तिच्या दंडावर खरंच काटा आलेला दिसला. “भंगारात देऊन टाक म्हणत होतो,” तो म्हणाला.

डॉक्टर तरुण होते, अदबशीर. त्यांनी त्याला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. त्यानं केले, लिफ्टच्या लोकांना वजनांचा हिशोब पाठच असतो. मग डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला मी काही शब्द सांगितले होते, ते सांगा बघू. लेक शेजारी बसली होती, नात तिच्या मांडीवर. मिस्त्रीनं एक शब्द सांगितला. दुसरा सांगितला. तिसऱ्याला तो थांबला. लेकीनं श्वास धरला होता. तिचं सगळं शरीर त्याच्या बाजूनं उत्तर देत होतं. सगळंच आठवलं तर डॉक्टर म्हणणार, तब्येत ठणठणीत आहे. मग घरी जाताना ती विचार करणार, डोकं ठिकाणावर आहे तर सीट कशी ढिली राहिली? विचार करत करत, हुशार पोरगी ती, एखाद्या दिवशी कुठल्यातरी यंत्राच्या नटावर अशीच रेघ बघणार आणि तिथंच खाली बसणार. तिसरा शब्द त्याच्या जिभेखाली होता. की नव्हता? तो त्याला आठवत नव्हता की सांगायचा नव्हता, हे त्याचं त्यालाच धड सांगता येईना. “नाही येत,” तो म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली, काही लिहिलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, वयाप्रमाणे आहे, पण एकटं सोडू नका.

बाहेर मोठा रस्ता होता. गाड्या दोन्हीकडून येत होत्या, पायी जाणाऱ्यांची तिथं कुणाला फिकीर नव्हती. नात उजवीकडे उभी राहिली आणि सवयीनं तिनं आईचा हात धरला. लेकीनं आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. मग दुसरा हात मागे नेऊन, रस्त्यावरची नजर न काढता, बाबांचं मनगट चाचपलं आणि घट्ट पकडलं. तिचा हात गरम होता, तळव्याला घाम आला होता. या हाताला धरून त्यानं तिला असेच कितीतरी रस्ते ओलांडून दिले होते. “थांबा हं दोघं,” ती म्हणाली. “मी सांगितल्याशिवाय कुणी निघायचं नाही.” रस्ता मोकळा झालेला त्याला तिच्या आधी दिसला होता. तो काही बोलला नाही. ती म्हणाली, “चला,” तेव्हा तो निघाला.